आठ जांभळे ठिपके

३ फेब्रुवारी, सोमवार

पोल्ट्रीच्या गेटला कुलूप! साहेबांनी स्वतःच्या हाताने लावलं, किल्ली खिशात टाकली आणि पलीकडे उभं राहून भाषण ठोकलं. एकवीस दिवस कोणी आत नाही, कोणी बाहेर नाही. "ज्याला जायचंय त्याने खुशाल जावं. पण नोकरी सोडून, खोली रिकामी करून." म्हणजे झालंच की! आत राहिलो तर कोंडलेले, बाहेर पडलो तर बेघर.

आणि हे सगळं माझ्या शेडमुळे. एक नंबरची पिल्लं तीन आठवड्यांची झाली, पण कित्येक अजून मुठीएवढीच. पंखांची पिसं वेडीवाकडी उभी, मागे घाण चिकटलेली, खालच्या भुशाचा चिखल. अधाशासारखी खातात आणि अंगाला काही लागत नाही.

लेकीची तारीख सव्वीस. कुलूप निघणार चोवीसला. जावई कामासाठी लांब, सासू नाही. "आई, तू असशील ना?" असशील म्हणजे काय, असणारच! दवाखान्यातून बाळाला घेऊन ती इथेच येणार, माझ्या या खोलीत. पाळण्यासाठी छताला कडीसुद्धा ठोकून ठेवलीय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टर आली. (तिला सोडतात आत, पण अंघोळ करून, आमचे कपडे घालून!) माझ्या लेकीच्याच वयाची, मला मावशी म्हणते. मेलेली चार पिल्लं ट्रेमध्ये उघडली, ट्रे मी धरला. आतडी पांढुरकी आणि पातळ, आरपार दिसेल अशी. आत नुसतं फेसाळ पाणी आणि जसंच्या तसं खाद्य. "बघा मावशी, गिळतात पण पचत नाही." तिला विषाणूचा संशय आहे. आतड्याचे तुकडे बाटल्यांत भरून तपासणीला पाठवले.

औषध? नाही म्हणाली. भुसा कोरडा ठेवा, पाण्याच्या नळ्या धुवा. आधी लहान पिल्लांकडे जा, मग मोठ्यांकडे, शेवटी आजारी. प्रत्येक शेडचे बूट वेगळे. एका वयाची पिल्लं दुसऱ्या वयात मिसळायची नाहीत. आणि बारकी पिल्लं काढून टाका, ती वाढणार नाहीत.

काढून टाका म्हणजे मान मुरगळा. असं ती बोलली नाही, पण मला कळतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

बारकी काढून टाकली. झालं एकदाचं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तीन नंबरवाल्या घड्याळकाकांशी वाजलं. एकला जेवायला बसणार, दीडला उठणार, वीस वर्षांत मिनिटाचा फरक नाही, म्हणून हे नाव. त्यांची पिल्लं जेमतेम दहा-बारा दिवसांची आहेत. मी नुसती एकचे लाल बूट घालून त्यांच्या दारासमोरून चालले होते तर म्हणाले, "बाई, लाल बूट लाल दारातच." अहो, मला शिकवताय? ते स्वतः काल माझ्या दारापर्यंत तीनचे निळे बूट घालून आले होते की! मी ते रजिस्टरमध्ये कालच्या पानावर लिहूनच टाकलं. बसा आता!

९ फेब्रुवारी, रविवार

रिपोर्ट आला. विषाणूच. एक नाही, दोन! नावं डॉक्टरने दोनदा सांगितली, माझ्या जिभेला वळली नाहीत. विष्ठेतून पसरतो म्हणे, आणि आजारी पिल्लू सावरल्यासारखं दिसलं तरी बरेच दिवस विषाणू टाकत राहतं. बूट, चाकं, हात, कशावरूनही जातो.

ऐकता ऐकता मी पदर दोनदा झटकला. का ते लिहीत नाही.

साहेब फोनवर म्हणाले, दुसऱ्या शेडमध्ये गेला नाही तर चोवीसला कुलूप निघेल. आजपासून मला फक्त एक नंबर. तीनच्या दाराजवळ फिरकायचंही नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

चौदा दिवस. रोग तीनमध्ये नाही जाणार. नाही जाणार. नाही जाणार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गेला! तीन नंबरचा भुसा ओला झाला, पिल्लं कोपऱ्यात गोळा होऊन चिवचिवतायत. मोजणी आजपासून पुन्हा. म्हणजे सहा मार्च!

लेकीला फोन केला. आधी तारीख पुन्हा विचारली. मग, "बरं आई. काळजी करू नकोस, शेजारच्या वहिनी आहेत." तिने मला धीर द्यायचा! फोन ठेवून मी बादलीला लाथ मारली, चुन्याचं पाणी सगळीकडे सांडलं, आणि मग मीच पुसत बसले.

साहेबांनी विचारलं, रोग तीनमध्ये नेला कोणी? मी फडकं पिळत राहिले. मग त्यांनी रजिस्टर मागवलं. त्यात माझ्या अक्षरात निळ्या बुटांची ओळ!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

घड्याळकाकांना गेटला लागून असलेल्या ऑफिसच्या खिडकीपाशी बोलावलं. अर्धा तास. मी भुसा उलटत होते, कान तिकडे. साहेबांचाच आवाज. काका एका शब्दानेही उलटले नाहीत. माणसाने काहीतरी बोलावं ना! "हिनेच केलं असेल" असं तरी!

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज लिहायलाच हवं. दुसरं कोण आहे मला?

डॉक्टर तीन नंबरची मेलेली पिल्लं उघडत होती. ट्रे मीच धरलेला. तिसरं पिल्लू उचललं तर डोक्यावर जांभळा ठिपका. "हे काय?" तिने विचारलं. मी ट्रे उगाच सरळ केला. दारात घड्याळकाका उभे होते. ते म्हणाले, "जखमेचं औषध. माझ्या हातून सांडलं असेल." तिने मान हलवली आणि कात्री चालवली.

तो ठिपका माझा होता.

पाच तारखेला मी इथे खोटं लिहिलं. वहीला! बारकी काढली खरी, पण त्यातली आठ पाणी पीत होती. चोच बुडवून, मान वर करून, अगदी शहाण्यासारखी. हात पुढे गेलाच नाही माझा. ओळखू यावीत म्हणून डोक्यावर जांभळं औषध लावलं. पण मोठ्यांत ठेवावीत तर तुडवली जाणार, नळीपर्यंत चोच पोचणार नाही. तीन नंबरची पिल्लं मात्र त्यांच्याच उंचीची. मग काका एकला जेवायला बसले आणि मी आठही पदरात घेऊन आत सोडली. बूट बदलले होते हो! बूट बदलले, हात धुतले, आणि रोग पदरातून नेला. किती मूर्ख असावं माणसाने!

नऊ तारखेला रिपोर्ट आला तेव्हाच कळलं होतं. पण तोवर मला तिकडे जायची बंदी. आणि सांगायची हिंमत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं तर नोकरी गेली, खोली गेली. ओली बाळंतीण कुठे न्यायची? शेजारच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात? नाही सांगितलं तर काका जातात. खोलीत चार फेऱ्या मारल्या की भिंत येते. दिवसभर तेच केलं.

काका भेटले नळावर. मी "काका" म्हटलं आणि नळाखाली बादली सरकवली. तेच म्हणाले, "लेकीचं कुठल्या दवाखान्यात आहे म्हणालीस?" मी सांगितलं. "बरं," म्हणाले आणि बादली उचलून निघाले. उद्या सांगते. उद्या नक्की.

१७ फेब्रुवारी, सोमवार

उद्या-उद्या करत राहिले आणि काका गेले. सकाळी कागदावर सही करून दिली, बूट बदलायचे राहून गेले म्हणून. साहेबांनी त्यांच्यापुरतं गेट उघडलं. एक पिशवी आणि गुंडाळलेलं अंथरूण, बास. मी जाळीला धरून उभी होते. "काका, असं कसं लिहून दिलंत?" तर म्हणतात, "माझं काय बाई, भावाकडे पडून राहीन. तू पिल्लांचा भुसा बदल." वळूनही पाहिलं नाही.

आता तीन नंबरही माझ्याकडे. दारावरचं आपलं घड्याळ त्यांनी तसंच ठेवलंय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

एक वाजला की त्या दाराकडे बघवत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तीन नंबरमध्ये उरलेली सात पिल्लं शोधली. पिल्लू पिल्लू उचलून पाहिलं, दोन दिवस. एकावरही ठिपका नाही! जांभळा रंग असा आपोआप जात नाही. मेली असती तर मला दिसली असती, मेलेली खड्ड्यात मीच टाकते. डोकं चालेना.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मुलगी झाली! चार दिवस आधीच. दोघी सुखरूप. किती रडले मी, भुशात बसून!

लेक म्हणाली, "आई, इथे एक आजोबा आलेत. कालपासून बाकावर बसलेत. औषधं आणतात, बरोबर एक वाजता डबा खातात. तुझ्या कामावरचे आहेत म्हणे." मग त्यांचा निरोप वाचून दाखवला, त्यांनी कागदावर लिहून दिलेला: "बाई, ठिपके मला त्याच दिवशी दिसले होते. माना मुरगळायला घेतल्या, मलाही जमलं नाही. सात पुसले. आठवं पिल्लू हाती लागलं नाही. सही खोटी नव्हती, निळे बूट घालून तुझ्या दारापर्यंत आलो होतोच. तू गप्प राहा."

रजिस्टर घेऊन बसलेय. पाच तारखेचं पान उघडलंय. काकांच्या नावाखाली पहिली ओळ लिहून झाली, माझ्या नावाने: आठ पिल्लं, एकमधून तीनमध्ये.