पाय टेकल्यावर ठोका

बुधवार, २१ जानेवारी २०२६

सोमवारी लिहिलेलं चूक आहे. ‘तालमीत दादाचा पाय चुकला आणि काठी कलली’ असं लिहिलं होतं. दादाचा पाय चुकला नाही. ठोके मी हलवले होते.

नीट लिहिते. पीरसाबचाचांच्या मनगटाचं ऑपरेशन ठरलं. यंदा जत्रेत देवाच्या उंच, जड काठीपुढं त्यांना हलगी वाजवता येणार नाही. म्हणून जत्रेत स्पीकरवर लावायचं रेकॉर्डिंग करायला आधीच त्यांना शहरात सात रस्त्याजवळ, मी एडिटिंग करते त्या स्टुडिओत नेलं. ते वाजवत होते आणि काठी उचलणारा माझा दादा समोर रिकाम्या हातानं काठीची चाल चालत होता. नंतर पडद्यावर प्रत्येक ठोका चौकोन होऊन दिसला — मोठा ठोका दर वेळी तालाच्या रेघेनंतर, उशिरा! वाटलं, दुखऱ्या हातानं वाजवलंय, चाचांची लाज राखावी. कंट्रोल-ए, सगळे चौकोन निवडले. क्यू, सगळे रेघेवर. मूळ रेकॉर्डिंग पुसूनही टाकलं. हेच तालमीला दिलं.

आज ऑपरेशननंतर चाचांना बघायला गेले. सहज विचारलं, मोठा ठोका उशिरा का पडायचा?

“उशिरा कुटं, बेटा? तुझ्या भावाचा पाय टेकला की मारतो मी. आधी मारला तर त्यो पाय ओढंल, अन् काठी घिऊन पडंल.”

म्हणजे रेघेवर आणताना मी तो ठोका पाय टेकायच्या आधी आणून ठेवला होता.

गुरुवार, २२

दादाला अजून सांगितलं नाही. भित्री!

जत्रेचं बघणारे मुकुंदकाका आमच्या ओट्यावर आले होते. “काय सिद्धा, लग्न झाल्यापासून दम गेला व्हय? हलगी बरोबर चाललीया की. तूच मागं पडतुयास. जमत नसंल तर सांग, दुसरा बघतो.” दादा हसला. मग गोठ्यामागं कमरेला काठी पेलायचा पट्टा बांधून, मोबाइलवर माझंच रेकॉर्डिंग लावून एकटा चालत राहिला. ठोक्यामागं धावत होता. आणि आई शेजारणीला सांगत होती, “आमची पोरगी शिकलेली हाय. तिच्या मशीनचं चुकतंय व्हय कवा?”

घरात शिकलेली मी एकटी. म्हणून कुणी तपासतच नाही.

शुक्रवार, २३

दादाला सांगितलं.

“चार दिस मी सोताला शिव्या देतोय की गं!” एवढंच म्हणाला. मला दोन दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवार, २५

त्या दिवशीचा मोबाइलवरचा व्हिडिओ सापडला. आवाज फाटलेला, पण दादाचे पाय दिसतात. ते बघत एकेक चौकोन निवडला आणि बाणाच्या कळीनं पाय टेकतो तिथं सरकवला. बाण, ऐक. बाण, ऐक. मान अवघडली. संध्याकाळी दादा काठी घेऊन अंगणात चालला. सरळ वाटेवर जमलं. वळणावर काठी कलली — आई किंचाळली!

“त्या दिवशी हातात काठी नव्हती,” दादा धापा टाकत म्हणाला. “आज वजन हाय. वारं हाय. आज जास्त वेळ लागतोय.”

म्हणजे कितीही सरकवलं तरी ते त्या दिवसाचंच राहणार. जत्रेत तर वाटेच्या दोन्ही अंगांना माणसं, पोरं. काठी त्यांच्यावर पडली तर?

मंगळवार, २७

लॅपटॉप घेऊन चाचांच्या अंगणात. एका कळीवर चाचांचा हलका ठोका ठेवला, एकीवर मोठा. आता चौकोन नकोत, मीच दाबणार. दादानं काठी उचलली, मी कळ दाबली — आवाज नाही! पुन्हा दाबली. नाही! कीबोर्ड मराठीवरच राहिला होता, सकाळी गाण्याचे शब्द टाइप केले होते. बदलला.

“पडद्यात काय बघतीस? पाय तितं हाय का?” चाचा प्लॅस्टरचा हात नाचवत ओरडले.

पायाकडं बघितलं. टेकला — ठोका. टेकला — ठोका. वळणावर दादा थांबला, मीही थांबले. टेकला. ठोका. काठी सरळ!

मुकुंदकाका दारात उभे होते. “पोरीनं काठीपुढं वाजवायचं? कवा झालंय असं?”

“मुसलमानानं वाजवायचं तरी कवा झालं होतं, मुकुंदराव?” चाचा म्हणाले. “माझ्या आज्यानं वाजवलं, तवा झालं.”

काका “बघू” म्हणून गेले.

गुरुवार, २९

काकांचा निरोप — ‘काठीपुढच्या स्पीकरच्या गाडीवर पोरगी नको. रेकॉर्डिंगच लावा.’ दादा तडक गेला आणि कमरेचा पट्टा त्यांच्या ओट्यावर ठेवून आला.

मी जाऊन तो परत आणला. काकांसमोरून, ‘रेकॉर्डिंगला पाय दिसत नाही, मला दिसतो’ असं सांगून. त्यांनी अडवलं नाही. रविवारी, १ फेब्रुवारीला, काठी दादाच उचलणार. गाडीवर मी बसणार.