हजेरीत गाळलेलं नाव

प्रिय पिंकी,

सत्तावीस वर्षांनी माझं पत्र बघून दचकशील. वळसंगच्या शाळेत तुझ्या मागच्या बाकावर बसणारी मी धम्मप्रिया. आता सोलापुरात दवाखान्याच्या केसपेपरच्या खिडकीवर असते. दिवसभर नावं पुकारून घरी आले की तोंड उघडायचा कंटाळा येतो. तू टेंभुर्णीला शाळेत बाई झालीस, हे माझ्या भावाकडून, प्रदीपकडून कळलं. फोन करायचा धीर होईना, म्हणून हे पत्र त्याच्याच हाती पाठवतेय.

माझी बुद्धप्रिया सहावीत आहे. हजेरीत नाव आलं की ‘हजर’ म्हणताना तिचा आवाज कापतो. दोन मुली तिची हुबेहूब नक्कल करायच्या आणि वर्ग हसायचा. मी अतिशहाणी! बाईंना भेटून सांगितलं, हिचं नाव पुकारूच नका, नुसती खूण करा. त्यांनी ऐकलं. मग पोरांनी तिचं नावच पाडलं, ‘गैरहजर’. महिना झाला, ती शाळेत गेलेली नाही. सकाळी दप्तर भरते आणि चपला घालताना पोट धरून खाली बसते. सासूबाई म्हणतात, “पोरगी लई भित्री हाय, बसू दे की घरी.” त्यांच्याशी भांडायचंही त्राण माझ्यात उरलेलं नाही.

दर गुरुवारी समुपदेशक बाईंकडे जातो. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, नक्कल थांबवणं शाळेचं काम, पोरीनं ती सोसायला शिकायचं नाही. शाळेनं त्या मुलींना समज दिली. भीती मात्र पायरी-पायरीनंच उतरते म्हणे. म्हणून आमच्या घरी रोज हजेरी होते. आधी मी भाकरी थापता थापता तिचं नाव पुकारलं, मग सासूबाईंनी, मग शेजारच्या सोजरबाईंनी जिन्यातून. आवाज कापला तरी चालेल, पण ‘हजर’ म्हणायचं. ती म्हणते. मग दमून माझ्या मांडीवर पडते आणि मीही तिथंच भिंतीला टेकते.

परवा समुपदेशक बाई म्हणाल्या, नक्कल करणारी मुलंही कधी कधी आतून घाबरलेली असतात. पिंकी, पाचवीत पाढे म्हणायला उभं राहिलं की मीच घाबरायचे. मी तुझी ‘ह-ह-हजर’ अशी नक्कल केली की सगळे तुला हसायचे, माझ्याकडे कुणी बघायचं नाही. सातवीत तू मावशीकडे नातेपुत्याला गेलीस. सगळे म्हणाले, तिकडची शाळा चांगली. खरं कारण मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. फार लाज वाटते गं.

पोरीला तुझ्याबद्दल सांगितलं. जिचा आवाज कापायचा तीच आता वर्गाची हजेरी घेते, हे ऐकून कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा खुलला. मग तिनं विचारलं, नक्कल कोण करायचं? मी उठून भांडी घासायला गेले.

पुढच्या सोमवारी तिला शाळेत जायचंय. एकच पायरी राहिलीय, अनोळखी बाईंनी फोनवरून हजेरी घ्यायची. रविवारी सकाळी अकराला तू घेशील? नंबर पाकिटावर लिहिलाय. नाही केलास फोन, तर तुझं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. केलास तर ती माझ्या शेजारी बसून ऐकत असेल. तिच्या आधी माझं नाव पुकार. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी तुझ्यासमोर देईन. माझा आवाज कापेल, तो तुम्ही दोघींनी ऐका.

हक्क नाही, तरीही तुझीच,
धम्मप्रिया