अडुसष्ट किलोंचा पोल

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. हा नमस्कार शब्दशः घ्यावा, कारण हे पत्र मी खोलीच्या फरशीवर पालथी पडून लिहिते आहे. काल सरांनी खांद्यावर लोखंडी बार देऊन इतक्या बैठका मारायला लावल्या, की आज मला खुर्चीत बसता येत नाही, आणि बसलेच तर उठता येत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून कुरकुरतो का? (जिना चढताना गुडघा नाही, तुम्ही कुरकुरता, असं मामी म्हणते.) मामीला तिचं पत्र पोचल्याचं सांगा. ते तिने तुम्हाला दाखवलं नसणार, त्याचं कारण पुढे येईल.

हंगाम संपला की बांबूउडीवाल्यांनी काय करावं? झोपावं, अशी माझी समजूत होती. सरांची समजूत वेगळी निघाली. शेवटची स्पर्धा झाली त्याच संध्याकाळी त्यांनी माझा पोल पिशवीत घातला, पिशवी कोठीत ठेवली आणि किल्ली आपल्या शिट्टीच्या दोरीला बांधून गळ्यात अडकवली. चार महिने पोलला हात लावायचा नाही. तेव्हापासून मी आणि लोखंड. सकाळी बार जमिनीवरून उचलायचा, डोक्यावर न्यायचा आणि पुन्हा जमिनीवर ठेवायचा. (होता तिथेच ठेवायचा तर उचलायचा कशाला, असं मी एकदा विचारलं. उत्तरादाखल बारवर दहा किलो वाढले.) दुपारी आडव्या दांड्याला लोंबकळून पाय डोक्याच्या वर न्यायचे, म्हणजे हवेत पोलवर उलटं होताना जड जाणार नाही. शेजारी गोळाफेकवाली असते. ती माझ्या दुप्पट वजन उचलते आणि उचलता उचलता घरच्या गोष्टी सांगते. पहिल्या आठवड्यात मी नुसता रिकामा बार डोक्यावर धरून डगमगत होते, तर तिने तो एका हाताने काढून घेतला, भिंतीला टेकवला आणि गोष्ट पुढे चालू केली. तिचं बघून मीही जेवायला लागले. मामा, काय जेवते मी! खानावळीतल्या बाई मी दिसले की आता ताटाऐवजी पातेल्याकडेच बघतात.

घोळ झाला तो इथेच. तुम्हाला मी काय सांगणार, प्रत्येक पोलवर किलोंचा आकडा लिहिलेला असतो. माणूस त्याहून जड झाला की तो पोल त्याच्यासाठी मऊ पडतो, नको तितका वाकतो, कधी मोडतोही, आणि मग सर त्याला हात लावू देत नाहीत. माझ्या पोलवर साठ लिहिलं आहे. आणि तो पिवळा पोल मला काही केल्या सोडायचा नव्हता, कारण आजवर जे काही ओलांडलं ते त्याच्याच जिवावर. दर शनिवारी आमचं वजन होतं आणि काटा असतो कोठीच्या दारात. तिसऱ्या शनिवारी तो एकसष्टकडे झुकायला लागला, तशी मी आळस दिल्यासारखे हात वर केले आणि चौकटीच्या वरच्या कडेला बोटांची टोकं अडकवून अंग जरा उचलून धरलं. एकोणसाठ! मग दर शनिवारी मला त्याच दारात आळस यायला लागला. वजन वाढेल तसं बोटांना जास्त पेलावं लागायचं, पण लोंबकळून लोंबकळून बोटंही तयार होत होती. म्हणजे ज्या व्यायामाने वजन वाढत होतं, त्याच व्यायामाने मी ते लपवत होते. दहा आठवडे मी एकोणसाठची एकोणसाठ. सर वहीत आकडा लिहायचे, माझ्या दंडांकडे बघायचे, पुन्हा वहीकडे बघायचे. (त्यांनी काटा दोनदा दुरुस्तीला पाठवला. मला फार वाईट वाटलं, पण कबूल करण्याइतकं नाही.)

गेल्या शनिवारी पितळ उघडं पडलं. बार हातातून निसटू नये म्हणून आम्ही तळव्यांना खडूची पूड लावतो, हे मी साफ विसरले होते. सरांची मान कशी कोण जाणे वर गेली, आणि चौकटीवर माझ्या आठ बोटांचे पांढरेशुभ्र ठसे! काटा उचलून त्यांनी खोलीच्या मधोमध ठेवला, जिथे वर फक्त पंखा आहे. चौसष्ट. मी मान खाली घालून उभी राहिले, आणि सर हसायला लागले. त्यांना दात आहेत हे मला तेव्हा कळलं. म्हणाले, "अगं, पाच किलो नुसत्या बोटांवर पेलतेस, आणि साठच्या पोलसाठी रडतेस? तुला आता अडुसष्टचा लागेल." मी थोडी रडले, मग मलाही हसू फुटलं, आणि खरं सांगते, मामा, त्या दिवसापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. फक्त अडचण एकच आहे. नवा पोल मागवला तर यायला चार महिने, आणि पहिली स्पर्धा तीन आठवड्यांवर. पोल नसेल तर हा हंगाम मी प्रेक्षकांत बसून काढणार.

बाकी सर्व ठीक. काळजी नसावी.

तुमची (पूर्वीपेक्षा पाच किलोंनी जास्त) भाची

ता. क. : सही केल्यावर आठवलं. अडुसष्टचा एक पोल माझ्या माहितीत आहे. तो तुमच्या आतल्या खोलीत दोन खुंट्यांवर आडवा असतो, मामी त्यावर टॉवेल वाळत घालते आणि तुम्ही न बोलता ते काढून ठेवता. सोळाव्या वर्षी मी तो चोरून मैदानावर नेला होता. तो तसूभरही वाकला नाही, मला आली तशी परत पाठवलं. तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "आधी जेव, मग बघू." मामा, मी जेवले.

ता. क. दुसरा : हे पत्र आणून देणारा ट्रकवाला खाली उभा आहे. दोऱ्या त्याच्याकडे आहेत, पोलच्या टोकाला बांधायचं लाल फडकंही आहे. त्याला फार वेळ थांबवू नका.

ता. क. शेवटचा : गुडघा गेल्यापासून तुम्ही मैदानाकडे फिरकला नाहीत, आणि मी कधी 'या' म्हटलं नाही. आज म्हणते. तो पोल नेमका कुठे धरायचा हे सरांना ठाऊक नाही, तुम्हालाच आहे. ड्रायव्हरशेजारची जागा तुमच्यासाठी ठेवली आहे. टॉवेलांसाठी मामीने परवाच दोरी बांधली, आणि तुमची बॅग भरून पलंगाखाली ठेवली आहे.