थोरली डिस्क

१७-१०-९८, शनि.
ऑफिसच्या कामाने बोथ गावी गेलो. दु. बसने परत. डबा शेजारच्या लक्ष्मम्माने पाठवला.
संध्या. कॉम्प्युटर लावला. आतून टक् टक्. पडदा बराच वेळ काळा, मग सुरू झाला. मंदाने माऊसने काढलेल्या रांगोळ्या पाहिल्या. होळीला ती गेली, तेव्हापासून रोज एक तरी उघडतो. फ्लॉप्यांवर उतरवल्या होत्या, त्यांना पावसाळ्यात बुरशी लागली. आता सगळ्या या एकाच हार्ड डिस्कवर. ती बसली तर…
मंदाच्या भावाला, वसंताला, नागपूरला फोन. कॉम्प्युटर क्लास चालवतो. म्हणाला, बंद ठेवा, मी येतो.

२२-१०, गुरु. भाऊबीज
यंदा दिवाळी नाही. तरी वसंता दरवर्षीसारखा पहिल्या बसने आला. पिशवीत साडी नव्हती. टॉवेलात गुंडाळलेली नवी हार्ड डिस्क. किंमत विचारली तर चिडला.
"ओवाळणीचे पैसे घेत असतात का, भाऊजी?"
लक्ष्मम्माने दोघांना जेवायला बोलावले. बरे झाले. घरात ताट मांडणे कठीण होते.

२३-१०, शुक्र.
कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत धूळ, आणि पंख्याशी अडकलेल्या अक्षता. गेल्या वर्षीच्या दसऱ्याच्या पूजेच्या. वसं. म्हणाला, "ताईनं मशीनलेबी जेवू घातलं." हसलो दोघेही. मग तो एकेक दाणा चिमट्याने काढत राहिला. मी ते तुळशीत टाकले.
रांगोळ्या नवीवर उतरवायला एकाच वायरच्या पट्टीवर दोन्ही डिस्क जोडायच्या. बारीकशी पिन लावून एकीला मुख्य ठरवावे लागते. वसं.च्या भाषेत, सवती आहेत, एकीला थोरली म्हटल्याबिगर दोघीबी बोलत नाहीत. मी म्हणालो, मंदाचीच थोरली राहील. त्याने समजावले, थोरलीवरच सगळा भार येतो, ती थकली आहे. मी हट्ट सोडला नाही. तिच्या जागी दुसरी…
लावले. टक् टक् वाढली, पडदा तसाच थांबला. दुसऱ्यांदा लावले तेव्हा जुनी डिस्क दिसेचना. वसं.ने बटण बंद केले. जेवण दोघांचेही उरले.

२४-१०, शनि.
चहा घेताना वसं. म्हणाला, "भाऊजी, ताई आजारी होती तवा तिले सैपाक करू देल्ला का तुमी?"
नाही म्हणालो.
"मंग हिलेच काऊन राबवून राह्यले?"
नवीला थोरली कर म्हणालो.
नवीवर सगळे प्रोग्रॅम भरेपर्यंत दुपार. मग जुनी धाकटी म्हणून जोडली, आणि दिसली. एकेक फोल्डर उतरवायचा, थांबायचे, डब्याला हात लावून पाहायचे, पुन्हा. लक्ष्मम्माकडून शिकलेल्या तेलुगू रांगोळ्या, संक्रांतीचे मुग्गू, आल्या. कमळे आली. एक कासव पाहून वसं. म्हणाला, "हे आईचं हाय. पांढरकवड्याच्या घरी, दारात." बराच वेळ पाहत होता. त्याला ते पाहायला मिळाले, मला फार बरे वाटले.
"नवीन" नावाचा एक फोल्डर राहिला. दोनदा अडला, मग लाईन गेली. वसं. म्हणाला, थंड होऊ द्या, जबरदस्ती नको. येईल, नाही तर नाही. संध्या.च्या बसने गेला. बस सुटेपर्यंत उभा होतो. आभार मानायचे राहिले.

२६-१०, सोम.
ऑफिस. घरी आल्यावर कॉम्प्युटर लावला. नवीवरच्या रांगोळ्या लगेच उघडतात, आवाज नाही. एवढे वाचले, हेच पुष्कळ. वसं.चे उपकार. मंदाचेही, असा भाऊ मागे ठेवून गेली.
"नवीन" अजून जुनीवरच. शेवटच्या महिन्यांत उशीला टेकून काढत असे, त्यातले असावे. काय काढले होते, मी कधी पाहिले नाही. माऊसला हात लावला. आतून एकदा टक् झाले. बंद केले. आज नको. तिला विश्रांती.
बाहेर उजेड होता. दारापुढे रांगोळीपुरते अंगण झाडले, पाणी शिंपडले.