मोसंबीची तहान

प्रिय अण्णा,

तुम्ही गेल्यानंतरचा हा पहिलाच बहार. फुलं धरावीत म्हणून मोसंबीचं पाणी तोडलं, त्याला महिना उलटला. ते पुन्हा कधी सोडायचं हे सांगणारं घरात कुणी नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

धाकटा सुधाकर रोज मोटरीपाशी जाऊन परत येतो. "ताई, झाडं मरून राह्यलीत. तुझ्या पुस्तकात काय लिव्हलंय ते सांग जल्दी!" पुस्तकात दिवस दिलेत हो, पण आपली जमीन कुठे दिलीय?

मी आठवीत असताना कोपऱ्यातल्या झाडाला चोरून पाणी घातलं होतं, आठवतं? सगळी बाग फुलांनी पांढरी, माझं झाड नुसतंच हिरवं! अंबडहून पाहुणे आले तरी दाखवायचात, "ह्ये आमच्या बाईसाहेबांचं लाडाचं लेकरू. खातंय, पितंय, काम कायबी न्हाई!"

पुढे शिकून आले आणि तुम्हाला म्हणाले, झाडाला छळून फळ घेता तुम्ही. तुम्ही उठून बागेत निघून गेलात. का हो? भांडायचं होतं की!

परवा नव्या जालन्यात, आमच्या बियाण्यांच्या प्रयोगशाळेत ज्वारीची दोन रोपं तपासली. एकाच कणसाचं बी. एकाला पाणी दिलेलं, एकाला तोडलेलं. दोघांच्या पानांतला अर्क काचेवर शेजारी-शेजारी दोन रांगांत सोडला आणि जांभळ्या उजेडात पाहिलं, तर तहानलेल्या रोपाच्या रांगेत एक पट्टी लखलखत होती, म्हणजे तहान सोसायचं जनुक जागं झालं होतं. दुसऱ्याच्या रांगेत अंधार. जनुक दोघांतही तेच! पण सुखातल्या रोपाला ते उघडायची गरजच पडली नव्हती. इकडे मुळांना कोरडं लागलं आणि पानापर्यंत निरोप गेला: छिद्रं मिटा, आतली ओल सांभाळा. अण्णा, अंगावर काटा आला माझ्या. एवढंसं रोप, आणि केवढी तयारी!

मोसंबीत फुलाचा निरोप नेमका कसा सुटतो, ते आम्हाला अजून पुरतं कळलेलं नाही. तुम्हाला त्याची वेळ कशी कळायची?

काल आईला विचारलं. "दिस निघायच्या आधी पान गालाला लावायचे. रातभरात बी पान ताठ न्हाई झालं, की मंग पाणी." इतकंच? आणि मला कधी सांगितलं नाहीत!

आज पहाटे मी पान गालाला लावलं. लुळं होतं. दुसऱ्या झाडाचं, तिसऱ्याचं, तसंच. खात्री झाली असं नाही म्हणणार. पण सुधाकरला हाक मारली, "सोड पाणी. हलकंच."

फुलं येतील की नाही, ठाऊक नाही. वचन एवढंच देते. झाडं गेली तर ती चूक माझी. सुधाकरवर ढकलणार नाही, आणि तुमच्या न सांगण्यावर तर मुळीच नाही.

तुमची,
शालू