न बोलता घेतलेली गाडी

प्रिय ठकूबाई,

गाडी मिळाली, छान आहे, असं फोनवर म्हणालो ते शेजारी तुझी आई कान टवकारून बसली होती म्हणून. खरं मत आता लिहितो. पाय न लावता वेग धरून ठेवणाऱ्या तुझ्या त्या क्रूझ कंट्रोलचं मला डोंबलाचं कौतुक नाही!

सपाट रस्त्यावर ठीक. ऐंशीवर लावलं की काटा जागचा हलत नाही, माझ्या पायाखाली मात्र हलतो. हे मान्य, खोटं बोलायची मला सवय नाही. पण चढ आला की? मला चढ लांबून दिसतो, मी पायथ्याशीच अ‍ॅक्सिलरेटर हलकेच वाढवतो. या शहाण्याला वेग पडल्यावर जाग येते. मग धाडकन खालचा गिअर, आणि ते एवढंसं इंजिन असं कोकलतं की तुझी आई दचकून म्हणाली, "अहो, हिला काय चावलं?" उतारावर उलटीच तऱ्हा. ब्रेक मारणं याच्या कामात बसत नाही, म्हणून गाडी ऐंशी ओलांडून सुसाट आणि हा हिरवा दिवा लावून स्वस्थ. ब्रेकला पाय लावून त्याला बंद करावं आणि नंतर पुन्हा आधीचा वेग धरायला 'रिझ्यूम'चं बटण दाबावं, तर पुढे ट्रक आहे की भिंत हे न बघता उधळतो. एवढं सगळं होईपर्यंत माझा पाय बिनबोलावल्या पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसून!

गाडी मला कोणी शिकवली नाही. जुनी मॅन्युअलं वाचून, इंजिनं उघडून मी शिकलो आणि मग आख्ख्या पंचक्रोशीला शिकवली. शिकवणीच्या गाडीत दोन्ही सीटपुढे ब्रेक, म्हणून माझा नियम एकच: ताबा सोडणाऱ्याने "दिली" म्हणायचं, घेणाऱ्याने "घेतली". तेही मोठ्याने, मनातल्या मनात नाही. तू तर पहिल्या दिवशी फाटकातच "दिली, बाबा, दिली!" म्हणून गळा काढला होतास. या यंत्राला तेवढीही रीत नाही. न बोलता घेतं, न बोलता सोडतं.

रविवारी तुझ्या आईला तिच्या बहिणीकडे नेत होतो. क्रूझ चालू. पुढचा ट्रक हळू झाला, मी ब्रेक दाबला, गाडी तशीच पुढे. "अहो, दाबा ना!" आई किंचाळली. "दाबलाय!" मी त्याहून मोठ्याने. खाली पाहिलं, तर पाय ब्रेकच्या शेजारी मॅट दाबत होता. तळव्याला पत्ताच नव्हता. बघत बघत उचलून ब्रेकवर ठेवला, तेव्हा कुठे थांबलो. ट्रकच्या नंबरप्लेटवरचा गंज मला चष्म्याशिवाय दिसत होता.

तिथे रस्त्याच्या कडेला मी त्या क्रूझला अर्धा तास शिव्या दिल्या. आईने ऐकून घेतल्या आणि म्हणाली, "पोरीने मुद्दाम ते बटणवालं मॉडेल घेतलं. तुमच्या पायासाठी. मागे जिन्यात तुमची चप्पल गळून पडली, तुम्ही पत्ता न लागता तसेच वर गेलात, तेव्हाच तिने ओळखलं."

ओळखलंस, तर बोलली का नाहीस? चप्पल मुकाट्याने आणून माझ्या पायाशी ठेवलीस, मला वाटलं लेक लाड करतेय! माझ्या पायाचा निकाल तू शोरूममध्ये परस्पर लावलास आणि मला विचारलंही नाहीस. मी शिकवलेल्या मुलीने "घेतली" न म्हणता ताबा घ्यावा, याचा मला संताप आहे. पायाचा नाही, याचा. आईसमोर हे फोनवर बोलायला जमलं नसतं, म्हणून हे पत्र. शिकवणीच्या गाडीची किल्ली मी खिळ्याला टांगली आहे, शिकवणी बंद. शिकवणाऱ्यालाही ब्रेक लागतो. तुझ्या गाडीत शेजारच्या सीटपुढे ब्रेक नाही, ते बरंच आहे. येत्या सुट्टीत ये. मी माझ्याकडून नियमाप्रमाणे म्हणतो: दिली. तू स्टिअरिंगवर बस आणि आधी मोठ्याने म्हण. मला शेजारून नीट ऐकू आलं पाहिजे.

तुझाच, सीट बदललेला,
बाबा