सीमांतपूजनाची रंगीत तालीम

२ नोव्हेंबर
एमआरआयचा रिपोर्ट आला. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी बाहेर आली आहे, तिने नस दाबली आहे. म्हणून डाव्या कुल्ल्यापासून पावलापर्यंत करंट मारतो. डॉक्टर म्हणाले, तूर्त ऑपरेशन नको, फिजिओथेरपी करा. मुळात प्रकृती भक्कम असल्याचा हा पुरावा. तेजूचं लग्न पाच डिसेंबरला. तोवर ठणठणीत. सीमांतपूजनात पाटावर बसून जावयाचे पाय मीच धुणार, दुसऱ्या दिवशी कन्यादानही मीच करणार. एकुलती एक मुलगी. हे काम दुसऱ्या कुणाला देणार नाही म्हणजे नाही.

४ नोव्हेंबर
फिजिओथेरपिस्ट डॉ. रुमाना. वयाने तेजूएवढ्या, म्हणजे अनुभव बेताचाच. पालथं झोपायचं, हातांवर जोर देऊन छाती उचलायची. दिवसातून पाच-सहा वेळा. पुढे वाकायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही. मी सीमांतपूजनाचं सांगितलं. म्हणाल्या, मग जावयाला टेबलावर बसवा. पक्क्या पुण्याच्या. व्यायाम उद्यापासून, आज चटई सापडत नाही.

७ नोव्हेंबर
चटई सापडली. हिने तिच्यावर रुखवताचं सामान मांडून ठेवलंय. व्यायाम सोमवारपासून.

१० नोव्हेंबर
तेजू आणि अनिरुद्ध आले होते. मुलगा खराडीला सॉफ्टवेअरमध्ये, स्वभावाने गरीब. दोघांचं म्हणणं, पाय धुण्याचा प्रकार नकोच, त्यालाच अवघडल्यासारखं होईल. मी म्हटलं, माझी काळजी करू नका. तेवढ्यात माझा मेहुणा विश्वजीत म्हणाला, दाजी, लागलं तर कन्यादानाला आम्ही नवरा-बायको बसतो. आणि उभ्या उभ्या वाकून स्वतःच्या अंगठ्यांना हात लावून दाखवला. कुणी विचारलं होतं? त्याला दुसऱ्यांदा चहा विचारला नाही.

१५ नोव्हेंबर
नीट विचार केला. जे करायचंय त्याचीच प्रॅक्टिस हवी. पालथं झोपून कुणी पाय धुतं का? बाथरूममध्ये प्लास्टिकची खुर्ची ठेवली, समोर पाट आणि परात. खुर्चीचे पुढचे दोन पाय दूध-पाण्याने धुतले, पुसले, गंध लावलं. उठताना नळ धरला. नळ हातात आला. प्लंबर उद्या येईल. तालीम एकंदरीत छान झाली.

१९ नोव्हेंबर
रुमानाबाईंनी विचारलं, व्यायाम चालू आहे ना? हो म्हटलं. करून दाखवा म्हणाल्या. श्वास नेमका कधी घ्यायचा ते आठवेना, म्हणून जमलं नाही. त्या म्हणाल्या, "काका, तुमची पाठ तुमचं ऐकत नाही आणि तुम्ही माझं. तुमच्या दोघांचं छान जमतं." याला कौन्सेलिंग म्हणत असावेत.

२६ नोव्हेंबर
मोठी सुधारणा. डाव्या पायाचा अंगठा अजिबात दुखत नाही. चिमटा काढला तरी कळत नाही. खुर्ची लागू पडली. रुमानाबाईंना मुद्दाम फोन केला, म्हटलं खूश होतील. तर म्हणे, ही सुधारणा नाही, आजच्या आज डॉक्टरांकडे जा. आज कसं जमणार, हॉलवाल्याकडे जायचंय. आपल्या मदतीशिवाय पेशंट बरा झाला की यांना असं होतं.

४ डिसेंबर, दुपार
सोवळ्याच्या आत कमरेचा पट्टा. एक गोळी घेतली, एक जवळ ठेवली. तब्येत उत्तम. विश्वजीत सारखा आजूबाजूला घुटमळतोय.

५ डिसेंबर, हॉलवरची वधूपक्षाची खोली, आडवा
काल माझ्याकडून काही कमी पडलं नाही. पाटावर बसलो, वाकलो, अनिरुद्धचा उजवा पाय धुतला. डाव्यावर पाणी घातलं आणि कमरेत सणकन कळ गेली. हात त्याच्या पायावर, तसाच अडकलो. हलता येईना, बोलता येईना. फोटोग्राफर म्हणाला, "काका, तसेच थांबा, फार सुंदर येतंय." थांबलो. व्याही गहिवरले, असा भाव हल्ली बघायला मिळत नाही म्हणाले. शेवटी अनिरुद्धच्या लक्षात आलं. त्याने आणि विश्वजीतने मला पाटासकट उचललं.

आज कन्यादानाला विश्वजीत बसला. मला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. बहुतेक वेळ त्याची पाठच दिसत होती. ताठ होती. तेजूचा हात अनिरुद्धच्या हातात देणारा हात माझा नव्हता. फार वाईट वाटलं. ही उशाशी बसून होती. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

७ डिसेंबर
तेजू-अनिरुद्ध मांडवपरतणीला आले. मला डॉक्टरांकडे निघायचं होतं, ऑपरेशनचं बोलायला. मोजे हातात घेऊन पलंगावर बसलो होतो, विचार करत. अनिरुद्ध समोर जमिनीवर बसला. माझा पाय मांडीवर घेतला आणि एकेक मोजा चढवला. उजव्या पायाला त्याचा हात लागलेला कळला, डाव्याला कळला नाही. तेजूने तोंड फिरवून डोळे पुसले.

माझे मी घातलेच असते. पण जावयाचा मान असतो, म्हणून घालू दिले.